झिजलेले पाच मिलिमीटर

मी एक जुनी, मासे मोजायची फळी आहे. मित्रांनो, माझ्यामुळे दोन वर्षं मासेमारी बंद होणार होती आणि कंपासपेटीतल्या एका पट्टीने मला उघडं पाडलं. असो. हे मी अजून सांगितलंच नाही असं समजा. मी सुरुवातीपासून सांगते.

सुताराने मला बनवलं तेव्हा एका टोकाला आडवा ठोकळा बसवला आणि तिथून पुढे मिलिमीटरच्या रेघा आखल्या. संशोधन केंद्रातल्या बाई माशाचं नाक ठोकळ्याला टेकवायच्या, शेपटीपाशी आकडा वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. वीस वर्षांत लाखभर मासे माझ्यावर आडवे झाले. एकानेही आभार मानले नाहीत. पण ते मेलेले होते, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

मोठी मादी जास्त अंडी घालते. त्यामुळे माशांच्या लांबीवरून पुढे समुद्रात किती पिल्लं येतील याचा अंदाज बांधता येतो. बाईंचा अंदाज वर्षागणिक काळजीचा होत गेला. मासे तब्बल आठ मिलिमीटरने आखूड झाले होते! "ही फळी कधी खोटं बोलत नाही," असं त्या पाहुण्यांना सांगत. मी लाजून गप्प बसे. तशीही मी गप्पच असते.

बंदीचा कागद तयार झाला. सहीच्या आदल्या दिवशी बोटवाले काका मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणि एक मासा घेऊन थेट टेबलापाशी आले.

"ताई, हा मासा माझ्या घरी मोठा भरतो आणि इथे आला की लहान. तुम्हाला बघून अंग चोरतो की काय?"

"काका, शाळेच्या पट्टीने मला शास्त्र शिकवताय?"

"शिकवत नाही हो. पण दोन वर्षं बोट बांधून ठेवली तर पोरीची शाळाच सुटेल. एकदा मोजून तर बघा."

बाईंनी मोजला. पाच मिलिमीटरचा फरक! त्यांनी माझ्या ठोकळ्यावरून बोट फिरवलं. लाखभर नाकं टेकून तिथे गुळगुळीत खळगा पडला होता. मासा त्यात नाक खुपसून पडायचा आणि शेपूट तेवढं अलीकडे यायचं.

"पाच मिलिमीटर फळीने खाल्ले," बाई म्हणाल्या. काकांचा चेहरा खुलला. "पण उरलेले तीन खरे आहेत, काका."



बाईंनी जुन्या वह्या काढून सगळा अंदाज नव्याने मांडला. दोन वर्षांची गरज नव्हती. अंडी घालायच्या दोन महिन्यांत बंदी पुरेशी होती.

"तेवढं मी बांधतो बोट," काका म्हणाले. "कुणी न सांगता."

मला नवा ठोकळा बसला. आता दर महिन्याला मलाच पट्टी लावून तपासतात. मित्रांनो, मोजणाऱ्यालाही अधूनमधून मोजत जा. त्यात अपमान नसतो. फक्त तसा वाटतो.

शेवटी संबंधित कार्यालयास नम्र विनंती. सेवेत असताना झिजलेले माझे पाच मिलिमीटर मला भरून मिळाले आहेत. त्याच नियमानुसार माशांचे गेलेले तीन मिलिमीटरही चालू महिनाअखेरपर्यंत त्यांना परत करण्यात यावेत.