साळूबाईच्या नावाची राहुटी

पाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. प्रत्येक फडाची आपापली राहुटी, दारावर नावाचा बोर्ड, आत गादीवर मालक. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, चहा पितात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. तिथं कुणी नाचून दाखवत नाही. सगळा व्यवहार बोर्डावरच्या नावावर चालतो.

म्हणूनच त्या सकाळी रस्त्यापलीकडची नवी राहुटी पाहून रत्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. बोर्डावर 'साळूबाई खोडदकर' हे नाव एवढं मोठं, की एसटीतल्या माणसानं चालत्या गाडीतून वाचावं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'सह बहिरू'. साळूबाई म्हणजे रत्नाची आई. उभा जन्म फडावर काढून दोन वर्षांपूर्वी गेली आणि फड लेकीच्या हाती आला. बहिरू त्याच फडातला सोंगाड्या, दिवाळीत भांडून बाहेर पडलेला.

फडातून फुटलेला माणूस गुरूचं नाव आपल्या नावाआधी लावतो, ही या धंद्यातली जुनी रीत. रत्नाला ती मान्य होती. पण गुरूपुढं मान वाकवणं वेगळं आणि गुरूच्या नावाचं पांघरूण ओढून घेणं वेगळं. त्यात या पठ्ठ्यानं नावाच्या डोक्यावर लालभडक गोल काढून आत इंग्रजी आर बसवला होता. रत्नाच्या बोर्डावर आईच्या याच नावाशेजारी कोपऱ्यात बारीकसं टीएम तेवढं होतं.

"मामा, ह्ये काय?" तिनं जाऊन विचारलं.

"रीत हाय पोरी. साळूबाई माजी बी गुरू व्हती," बहिरू पानाचा तोबरा सांभाळत म्हणाला. "आन् आर बघितलास न्हवं? म्हंजी रजिस्टर. तुजं टीएम निस्तं तोंडी."

रत्ना आपल्या राहुटीत परतली. दुपारपर्यंत दोन कमिट्या तिच्या डोळ्यांदेखत पलीकडं गेल्या. चहाच्या पुड्यावर, तेलाच्या डब्यावर लोकांनी तो गोलातला आर पाहिलेला, त्यामुळं आर आहे तिथं अस्सल माल, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. यंदाच्या सुपाऱ्या गेल्या तर ढोलकीवाला जाणार, पोरी दुसऱ्या फडात जाणार. आईचं नाव राहील, पण बहिरूच्या दारावर.

रत्नानं जुन्नरला आरफा वकीलबाईंना फोन लावला. आईच्या नावाच्या सरकारी नोंदीचा अर्ज त्यांनीच केला होता.

"ताई, आपलं टीएम खरंच हलकं असतं का वो?"

"अजिबात नाही. टीएम म्हणजे हे नाव आमचं, असा उघड दावा. अर्ज केला नसता तरी लावता आला असता. आर लावायचा तो सरकारी नोंद झाल्यावरच. आपली नोंद अजून व्हायची आहे, म्हणून तर मी तुम्हाला तो लावू दिला नाही. किती रुसला होतात माझ्यावर!"

"मंग बहिरूमामाचा आर?"

आरफाबाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं आणि म्हणाल्या, "त्यांचा तर अर्जसुद्धा दिसत नाही. नोंद नसताना आर लावणं हा गुन्हा आहे, रत्नाबाई. तुरुंग होऊ शकतो."

रत्ना खदाखदा हसली. आपण त्या आरसाठी रुसलो, आणि बाईंनी हट्ट पुरवला असता तर आज आपणच गुन्हेगार ठरलो असतो! फोन तसाच चालू ठेवून ती बाहेर आली.

तेवढ्यात आंबेगावकडची मोठी कमिटी आली. पुढं फेटेवाले दादाभाऊ. यांच्या यात्रेत साळूबाई वर्षानुवर्षं नाचली होती. मंडळी सरळ बहिरूच्या दारात. रत्नानं पदर खोचला आणि रस्ता ओलांडला.

"दादाभाऊ, सुपारी कुनाला देताय?"

"साळूबाईच्या फडाला, बाई. हितं आर हाय, म्हंजी ह्योच वरिजनल."

"मामा, आर हाय तर नोंदीचा नंबर बी आसंल. सांगा की चारचौघांत."

स्टेजवर हजार लोकांना टोला देणारा बहिरू. आता बोर्डाकडं बघत डोकं खाजवायला लागला. शेवटी म्हणाला, "पेंटरनं काढला. म्हनला, शोभून दिसंल."

असा हशा त्याला आख्ख्या कारकिर्दीत मिळाला नव्हता. मग रत्नानं फोनचा आवाज वाढवला. आरफाबाईंनी कायदा शांतपणे समजावला आणि बहिरूची पाचावर धारण बसली. त्यानं रॉकेलचा बोळा मागवला, स्टुलावर चढून लाल गोल पुसला.

"झालं?"

"न्हाई. नाव बी काढा."

"गुरूचं नाव हाय गं ते!"

"मंग देवघरात लावा, रोज हात जोडा. आईनं ते नाव पायाला फोड येस्तोवर नाचून कमावलंय. त्ये विकायचं आसंल तर तिच्या फडानंच." रत्ना स्टुलाजवळ आली. "आन् मामा, तुमी आलात की लोकं पोट धरून हसायची. ती तुमास्नीच हसायची न्हवं? ल्हान व्हते तवा मी बी हसायची. मंग आपलं नाव एवढंसं का लिवता?"

बहिरूनं मान खाली घातली. डोळे पुसले, ब्रश घेतला आणि पांढऱ्या रंगानं एकेक अक्षर झाकायला लागला.

दादाभाऊ फेटा सावरत कमिटीकडं वळले. "चला रं. चुकीच्या दारात बसलो राव आपन." सगळी कमिटी रत्नाच्या मागोमाग रस्ता ओलांडून आली. इतर राहुट्यांतली माणसं बाहेर येऊन बघत होती, कुणीतरी शिट्टीही मारली. रत्नाची मान आज आईसारखी ताठ होती, आणि तिचं तिलाच लई बरं वाटत होतं.

गादीवर बसून दादाभाऊंनी सुपारीचा नारळ तिच्या ओटीत घातला. "यात्रेच्या दोनी राती तुमच्याच. पावती कुनाच्या नावानं करायची, बाई?"

"साळूबाई खोडदकर," रत्नानं सांगितलं. इतक्या मोठ्यानं सांगितलं, की पलीकडं स्टुलावर बहिरूचा ब्रश मध्येच थांबला.