कानाने पास करायची गाडी

हल्ली सगळं जग पुटपुटायला लागलंय, अशी मिस्त्रींची तक्रार होती. बायको पुटपुटते, दुकानदार पुटपुटतो, टीव्हीवर बातम्या देणाऱ्याच्या तोंडात तर कापूस कोंबलाय. चाळीस वर्षं पत्रा ठोकला की माणसाच्या कानाचं काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. लेकीने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं होतं. उजवा कान गेल्यातच जमा आहे, डावा जरा बरा, पण बारीक आवाज दोन्हीकडून गेले, असं तिथल्या डॉक्टरने कागदावर रेघा दाखवून सांगितलं होतं. मिस्त्रींनी घरी येऊन तो कागद केराच्या डब्यात टाकला आणि डॉक्टरचं मशीन बिघडलंय असं जाहीर केलं.

करणार काय? ते 'कानवाले मिस्त्री' होते. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की लोक त्यांना सोबत नेत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते इंजिनावर टेकवत, मूठ कानाशी धरत, डोळे मिटत आणि शेवटी एकच शब्द बोलत. 'गाते' म्हणाले की सौदा पक्का. 'रडते' म्हणाले की विकणाऱ्याने गाडी मुकाट्याने झाकून ठेवायची. तिसरा शब्द त्यांनी आजवर वापरलेला नव्हता.

या वेळी गाडी हवी होती ती लेकीलाच. ती नर्स. सोमवारपासून डोंगरावरच्या सात वस्त्या तिच्याकडे येणार होत्या, आणि तिथला रस्ता म्हणजे दगडगोट्यांचा ओढा. तिच्या आधीच्या नर्सची गाडी त्याच चढावर बंद पडून मागे घसरली होती. ती बाई अजून काठी टेकत चालते. तेव्हा चारही चाकांना जोर असलेली गाडीच घ्यायची हे ठरलं होतं, आणि तशी एकोणीस वर्षांची एक गाडी गावातल्या एका ठेकेदाराकडे विकायला होती. लेक दुसऱ्या एका मेकॅनिकला नेणार होती, पण ठेकेदारानेच निरोप धाडला की वडिलांना आणा, त्यांच्या कानाने पास झाली तरच घ्या. मिस्त्रींना ते बरं वाटलं.

सकाळी दोघं ठेकेदाराच्या आवारात पोचली. ठेकेदार पुढे होऊन मिस्त्रींच्या डाव्या हाताला उभा राहिला.

"गाडी कालपासून बंद आहे, मिस्त्री. तुमच्यासाठी हातसुद्धा लावला नाही."

माणूस लबाड, पण बोलणं कसं स्वच्छ, असं मिस्त्रींच्या मनात आलं. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्यांचं टाळकं सरकलं.

"बंद गाडीला ताप कसा आला?"

ठेकेदार ऊन-बिन काहीतरी बोलला. मिस्त्रींनी त्याला सावली दाखवली. गाडी अगोदर चालू करून गरम करायची, म्हणजे गिऱ्हाइकासमोर ती एका चावीत उठते, ही युक्ती त्यांनी पोरवयापासून पाहिली होती. त्यांना राग आला तो ती आपल्यावर वापरली याचा. "थंड होऊ द्या, आम्ही बसतो," म्हणून ते सिमेंटच्या पाइपवर ठाण मांडून बसले ते दोन तास. ठेकेदाराने तीनदा चहा विचारला, तीनदा नाही म्हणाले.

थंड झालेली गाडी दुसऱ्या चावीत उठली. धूर आला नि लगेच विरला. मिस्त्री खाली वाकले. चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, ताजा काळा रंग फासलेला. त्यांनी तो स्क्रूड्रायव्हरने चार ठिकाणी खरवडला. खाली लोखंड धड होतं, आणि याचाही त्यांना राग आला.

"धड लोखंडाला रंग कशाला फासलात? लपवायची सवयच लागलीय का?"

मग आत बसले. मीटर सांगत होतं की गाडी फारशी पळलेलीच नाही. पेडलची रबरं कोरी करकरीत, पण स्टिअरिंग हाताने घासून गुळगुळीत झालेलं.

"मीटर मागे फिरवलंय. एवढ्याशा पळण्याने स्टिअरिंगची सालं निघत नाहीत. माझ्या लेकीला विकताय तुम्ही हे, जरा तरी लाज?"

ठेकेदाराने मान खाली घालून किंमत उतरवली. मिस्त्रींना वाटलं, आपण त्याला चांगलाच सरळ केला. त्यांची छाती वीतभर फुगली.

आवारामागे खडीचा चढ होता. लेकीने गाडी चार चाकांच्या हळू गिअरमध्ये टाकून वर काढली. झकास चढली. तिने मान वळवून वडिलांना काहीतरी विचारलं, पण मागे बसलेल्या ठेकेदाराने नेमकी तेव्हाच आपल्या पुतणीच्या लग्नाची कथा लावली होती, आणि ती मोठ्या आवाजात चढ संपेपर्यंत चालली.

शेवटची तपासणी उरली. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चारही चाकं हवेत. इंजिन चालू, चाकं फिरताहेत. मिस्त्री बाजूला आडवे झाले. चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या छोट्या गिअरबॉक्सवर त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ डाव्या कानाशी धरली आणि डोळे मिटले.

जाडसर घुमारा आला. त्याच्यावर बारीक आवाज काही नव्हता. मिस्त्री थांबले, मूठ उजव्या कानाला लावून पाहिली, परत डाव्याला लावली. गाडीत आवाज नव्हता की त्यांनाच तो नव्हता, हे कळायला काही मार्ग नव्हता.

ते उठून बसले. ठेकेदार लगबगीने वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला आला आणि वाकून म्हणाला, "काय मिस्त्री, गाते ना?"

शब्द अगदी जिभेवर होता. चाळीस वर्षांचं नाव, गाडी धड दिसतेय, सोमवार तोंडावर. आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सगळं जग पुटपुटतं आणि हा एकटाच स्वच्छ कसा बोलतो? सकाळपासून हा डाव्या बाजूनेच का येतो? गेल्या महिन्यात हा त्यांच्या गॅरेजमध्ये आला होता. खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला होता, तीन हाका मारल्या, मिस्त्री. डॉक्टरने सांगूनही त्यांनी स्वतः मानलं नाही, पण या माणसाने त्यांचं बहिरेपण मापून ठेवलं आणि त्याच मापाची गाडी त्यांच्या पोरीसाठी काढली. गरम बॉनेट, काळा रंग, मीटर, हे सगळं त्यांनी पकडावं म्हणूनच मांडलेलं होतं. मिस्त्री खूश झाले की शेवटचा शब्द आपसूक निघेल, हा त्याचा हिशेब.

मिस्त्रींची कानशिलं तापली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लेकीच्या हातात दिला.

"तू ऐक."

"सुया टोचणाऱ्या बाईंना गिअरबॉक्स काय कळणार?" ठेकेदार म्हणाला.

"पोटातल्या पोराचे ठोके ऐकते ती रोज. तुझा गिअरबॉक्स त्याहून अवघड नाही."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं ठेकेदाराच्याही लक्षात आलं. लेक आडवी झाली. तिनेही मूठ कानाशी धरून डोळे मिटले.

"टिक टिक येतंय, बाबा. चाकाच्या तालावर. बारीक, काचेवर नख मारल्यासारखं. चढावरही आलं होतं, म्हणून तर तुम्हाला विचारलं."

"बेअरिंग फुटलंय," मिस्त्री म्हणाले. "ते निखळलं की चाकांचा जोर जातो. चढावर गेला की गाडी मागे येते."

ठेकेदार अजूनही डावी बाजू सोडत नव्हता. "पोरीला भास झाला असेल. शब्द तुमचा चालतो, मिस्त्री. तुम्ही काय ऐकलंत ते सांगा."

"मी काही ऐकलं नाही. मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले. "हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं. ठाऊक असून तू माझ्या तोंडून माझ्या पोरीला त्या चढावर पाठवत होतास. माझा कान गेलाय, तुझं काय गेलंय ते तू बघ."

ठेकेदार इंजिन बंद करायला गेला. लेकीने स्क्रूड्रायव्हर ओढणीला पुसून वडिलांना परत दिला आणि म्हणाली, "रडते."

दोघं चालतच निघाली. मिस्त्री वाटभर ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडत होते, मग हळूहळू स्वतःच्याच नावाने मोडू लागले. सोमवारी जायचं कसं, हा प्रश्न उरलाच होता. उद्या दुसरी गाडी बघू, ते म्हणाले, हात मी लावतो, कान तू लाव. लेक उजवीकडून चालत होती. ती काहीतरी बोलली.

पुटपुटू नकोस, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते थांबले.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "परत सांग."

लेक त्यांच्या मागून वळून डाव्या बाजूला आली आणि तिने परत सांगितलं.