पान लागलं म्हणून सांगितलं

शहाण्णव सालची गोष्ट. उंब्रजजवळच्या त्या गावात लालासाहेबाला विचारल्याशिवाय कुणी वांग्यावर फवारणी करायचं नाही. फौजेतनं हवालदार होऊन आलेला माणूस! औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं चष्म्याविना वाचायचा, आणि वाचून झाली की आपल्या मनाचंच करायचा.

बैलांच्या सणाला, बेंदराला, चार दिवस राहिले होते. त्याच्या पाखऱ्या बैलाला गोचिडांनी नुसतं पोखरलं होतं. लालासाहेबानं वांग्याचं उरलेलं औषध बादलीत कालवलं आणि ओढ्याकाठी बैलाच्या अंगाला चोळलं.

“आवं, ईख हाय ते. जनावर अंग चाटतंय,” बायको रंगुबाई म्हणाली.

“फौजेत खेचरं सांभाळल्यात मी. तू भाकरीचं बघ.”

शेजारचा भाऊसो बांधावर उभा राहून हसला. लालासाहेबानं त्यालाही त्याच्या बैलासाठी त्याच औषधाची बाटली भरून दिली. मोठा शहाणा! मग त्यानं बैल ओढ्यात धुतला, तसे खालच्या अंगाला दोन-चार मासे उताणे झाले. त्यानं ते बघितलं आणि मान फिरवली.

संध्याकाळी पाखऱ्याच्या तोंडाला फेस आला. थरथर कापला आणि दिवेलागणीच्या आत गेला. नऊ वर्षं जोताला खांदा दिलेला बैल. लालासाहेब त्याच्या गळ्यात पडून पोरासारखा रडला. माणसं जमली तसे डोळे पुसले आणि म्हणाला, “पान लागलं.” साप चावला म्हटलं की चूक कुणाचीच नसते. लोक हळहळले. रंगुबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि ती आत गेली.

भाऊसोला दिलेली बाटली तो विसरला नव्हता. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगू. पण सांगायचं म्हणजे गावभर फजितीच की! भाऊसोच्या बैलाला गोचीड कुठं एवढा हाय, अशी स्वतःची समजूत घालायचा.

बेंदराच्या दुपारी भाऊसोच दारात आला. मागं त्याचा हरण्या, अंगावर झूल, शिंगं रंगवलेली.

“लालासाब, तुझं दावं रिकामं आन् मी मिरवू व्हय? औंदा माझ्या बैलाचा कासरा तू धर गड्या. बघ, सकाळी तुझंच औषध लावलंय. एक गोचीड ऱ्हायला न्हाई.”

लालासाहेबानं कासरा धरला आणि त्याच्या नाकात तो वास गेला. हरण्याच्या तोंडातनं लाळ गळत होती.

“साप न्हवता रं!” तो ओरडला. “भाऊसो, साप न्हवता! मीच मारला त्याला, ह्या औषधानं!”

भाऊसो बैल ओढत ओढ्याकडं पळाला.

“ओढ्यात नको! खाली बायका पाणी भरत्यात!”

दोघांनी विहिरीचं पाणी शेंदून शेंदून, साबण लावून बैल धुतला. उंब्रजहून जनावरांचा डॉक्टर येईस्तोवर हरण्यानं मान टाकली होती.

भाऊसो आता शिव्या देईल, मारेल, म्हणून लालासाहेब खाली मान घालून उभा राहिला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं त्याला. भाऊसोनं हरण्याच्या शिंगाचा गोंडा सोडला आणि एवढंच विचारलं, “चार दिस होतं की रं तुझ्याकडं?”