उताराला लागलेली गोटी

मी फ्रान्समधल्या बेझिए गावची लाकडी गोटी बोलतेय. लिंबाएवढीसुद्धा नाही, पण भलेभले म्हातारे माझ्यासमोर कमरेत वाकतात. मला अक्षरं येत नाहीत. तेरापर्यंत मोजता येतं. आमच्या खेळाला तेवढं शिक्षण पुरतं. आधी मला फेकायचं, मग आपापले लोखंडी गोळे माझ्याजवळ टाकायचे. जवळ ज्याचा गोळा, त्याचा गुण; आधी तेरा करेल तो जिंकला. आणि मी थांबेन तिथं मैदान, हा आमच्या टेकडीवरच्या चौकाचा कायदा.

एकही गुण न मिळवता जो हरेल, त्यानं कॅफेतल्या फॅनीच्या ढुंगणाची पापी घ्यायची. फॅनी म्हणजे पाटीवर रंगवलेली बाई, पाठमोरी, परकर वर केलेली. ती रंगवली फुलक्रांनं, आणि तीस वर्षं अख्ख्या गावाला शून्यावर हरवून तिच्यापुढे गुडघे टेकायला लावले तेही त्यानंच.

त्या रविवारी तो वहिनीशी, झेलीशी खेळत होता. बारा-शून्य! तिचे तिन्ही गोळे मला खेटून. याच्या हातात दोनच उरलेले.

"भावोजी, मिशा पुसून घ्या. फॅनीला गुदगुल्या होतील."

"अजून दोन गोळे आहेत, वहिनी!"

"ओठही दोनच आहेत. बरोबर जमतंय."

सगळे फिदीफिदी हसले. फुलक्रांनं चिडून गोळा असा हाणला, की मी उडाले, कठड्याच्या फटीतून निसटले आणि उताराला लागले. कॅथेड्रलच्या पायऱ्या टणाटण उतरले, वाळत घातलेल्या चादरींखालून गेले, पाववालीच्या मांजराला घाबरवलं. इतकी वर्षं या गावात राहून गाव असं मी पहिल्यांदाच पाहिलं! मागून सारा चौक धावत येतोय, एकाच्या हातात वाइनचा पेला तसाच. नदीवरच्या जुन्या पुलापाशी एका दगडानं मला अडवलं.

झेलीचे गोळे राहिले वर टेकडीवर. फुलक्रांनं धापा टाकत शेवटचा गोळा सोडला. तो माझ्यापासून चार पावलांवर पडला.

"याला जवळ म्हणतात?" झेली कडाडली.

"तुमच्यापेक्षा जवळच की, वहिनी! कायदा म्हणजे कायदा."

पुढचा डाव तिथंच, पुलाशी झाला. झेलीनं तो चुटकीसरशी जिंकला. फुलक्रां मात्र नाचत होता, "हरलो! तेरा-एक हरलो!"

आता झेलीनं खेळ नदीकाठच्या सपाट जमिनीवर आणलाय. माझी तक्रार नाही. ऊन छान लागतं, रंगही नवा दिलाय. फक्त एक विनंती. कुणी बारा-शून्यावर घामाघूम झालेला दिसला, तर मला गुपचूप वर टेकडीवर नेऊन सोडा. पुढचं मी बघते.