यमुनाबाईंच्या जागेवरचा साहेब

मित्रांनो, मी एक जुनं तैलचित्र आहे. आज सकाळी माझ्या कोटाची बटणं गेली, दुपारी दाढी गेली. संध्याकाळपर्यंत उरलेलाही जाईन. कोणी हळहळू नका. मी आयत्या बिळावरचा नागोबा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्यात रंगवलेला माणूस विलायतेतला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. तो चित्रं काढायचा, शिवाय पडदे, गालिचे आणि भिंतीवर लावायचे कागद यांच्यासाठी वेलबुट्टीही काढायचा. शनिवार पेठेतल्या एका शाळेत महिपतीमास्तर चित्रकला शिकवत. त्यांना या साहेबाचं भारी वेड. पुस्तकातलं त्याचं छायाचित्र समोर ठेवून त्यांनी त्याची कितीतरी चित्रं केली. "वेल काढावी तर साहेबाने," असं ते मुलांना सांगत.

शाळेच्या नव्या चित्रकलावर्गाचं उद्घाटन ठरलं आणि हेडमास्तरांनी साहेबाचं मोठं चित्र मागितलं. बाजारात तेव्हा चांगला कॅनव्हास मिळेना. घरात एकच ताणलेला होता, आणि त्यावर मास्तरांच्या पत्नी, यमुनाबाई, होत्या. दुपारची भांडी उरकून, तान्ह्या चंपाला मांडीवर निजवून त्या नवऱ्यासमोर बसत. ते चित्र पुरं होत आलं होतं.

"अहो, माझ्या डोक्यावर साहेब बसवणार?" यमुनाबाई हसत म्हणाल्या.

"तू काय, रोज समोर असतेस. तुझं पुन्हा काढीन."

तरी मास्तरांनी आधी त्यांच्या चित्रावर वॉर्निशचा जाड हात दिला. मधे वॉर्निश असलं की वरचा रंग पुढे कधीतरी सोडवता येतो. मग त्यांनी मला रंगवलं, आणि मी निमूटपणे त्या बाईंच्या चेहऱ्यावर जाऊन बसलो. रंगाला नाही म्हणता येत नाही, ही माझी सबब. पण सबब ती सबबच.

उद्घाटनाला माझं फार कौतुक झालं. त्याच वर्षी यमुनाबाई तापाने गेल्या. त्यांचा एकही फोटो नव्हता. घरात चित्रकार असताना फोटो कशाला काढायचा, असं मास्तरांचं मत होतं. चंपाला तर आई आठवायचंही वय नव्हतं.

मी शाळेच्या भिंतीवर मिरवत राहिलो. मास्तर वर्गात आले की आधी माझ्याकडे बघत, आणि मुलांना वाटे, काय ही गुरुभक्ती! खरं तर ते माझ्या तोंडाकडे बघतच नसत. त्यांची नजर माझ्या कोटाच्या खालच्या बटणांवर असे. त्या बटणांखाली, निजलेल्या चंपाच्या डोक्यावर ठेवलेला यमुनाबाईंचा हात होता. शाळेला दिलेलं चित्र परत मागायला त्यांची जीभ रेटली नाही. मला फार लाज वाटे, पण मी खिळ्यावरून हललो नाही.

मग कॉम्प्युटर आले. चित्रकलेच्या वर्गाची लॅब झाली, माझ्या जागी एसी बसला आणि मी अडगळीत गेलो. तोवर मास्तर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले होते. त्यांनी मला शाळेकडून मागून घेतलं आणि रिक्षाने वारज्याला, चंपाताईंच्या फ्लॅटवर आणलं.

"बाबा, आईचा एक फोटो काढला नाहीत, आणि हे बुवा मात्र मांडीवर बसवून आणलेत!" चंपाताई म्हणाल्या. मास्तरांनी खिळा कुठे ठोकायचा तेवढं विचारलं.

दुपारी घरात कोणी नसलं की ते टर्पेंटाइनची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन माझ्यासमोर उभे राहत. पण हात कापे. माझ्याबरोबर तीही पुसली गेली तर? ते बोळा ठेवून देत. चंपाताई रोज माझ्यावर फडकं मारत. आईचा चेहरा पाहिला नाही म्हणणारी लेक आईवरचीच धूळ झटकते आहे, हे मी बघत होतो. मला तोंड होतं, तेही दाढीसकट, पण उपयोग काय?

परवा चंपाताईंचा मुलगा अभिनव हिंजवडीहून आला. "आई, हा आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला एकदम क्लासी दिसेल. बॉसला फोटो पाठवला, तो फुल खूश आहे. नेऊ?"

"ने रे बाबा एकदाचा. भिंत तरी मोकळी होईल."

अभिनवने मला खाली उतरवलं आणि चादरीत गुंडाळायला घेतलं. तेव्हा मास्तर भिंतीला धरून उठले.

"थांब. चंपा, त्याच्या खाली तुझी आई आहे."

मास्तरांनी सगळं सांगितलं. चंपाताई ऐकत ऐकत खालीच बसल्या.

"बाबा, मला सांगायचं तरी होतंत."

"हात कापतो गं माझा. बिघडली असती, तर तुला काय दाखवलं असतं?"

चंपाताईंनी डोळे पुसले, पदर खोचला. "माझा नाही कापत. कसं करायचं ते सांगा."

आज सकाळपासून तेच चाललं आहे. मास्तर शेजारी बसून सांगतात, "घासू नकोस. बोळा टेकव, थांब, उचल." आधी यमुनाबाईंचा हात दिसला, मग त्या हाताखालचं इवलंसं जावळ. "ही मी?" असं विचारून चंपाताई रडल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. दाढी गेली तशी एक हनुवटी वर आली. मास्तरांनी तोंड फिरवलं.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जिन्नस शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. जे माणूस रोज समोर असतं, त्याला 'पुन्हा काढीन' म्हणू नका, एवढंच म्हणतो.

आता माझे फक्त डोळे उरले आहेत. यमुनाबाईंचे डोळे त्यांच्याखाली वाट बघताहेत. चंपाताई नवा बोळा भिजवून माझ्यावर वाकल्या आहेत, आणि त्यांचा चेहरा मला अगदी जवळून दिसतो आहे. हनुवटी तीच आहे.

टेकवा, चंपाताई. मी उतरतो.