केसांतला कापूस

"हात वर कर," मी म्हणाले. तिने केले, पण मान मात्र ताठच.

सूतगिरणीच्या फाटकाशी बायकांची झडती घेणे हे माझे काम. वीस वर्षे कताईच्या साच्यावर सूत काढले, दम लागायला लागला तशी मला इथे उभी केली. ऐन उमेदीत अंबाड्यात सुताची बॉबिन लपवून नेलेली मी! माझ्या हातून कोण सुटणार?

हिला सगळ्या बाईसाहेब म्हणत. कोणाशी बोलणे नाही, हसणे नाही. अशा माणसाचा मला पहिल्यापासून संशय. त्या दिवशी तिच्या पांढऱ्या सदऱ्याच्या आत बोटांना खडबडीत लागले. उलटून पाहिले तर पांढऱ्यावर पांढरे भरतकाम! वेल, पाने, चोचीला चोच लावलेले दोन पक्षी. हातभर अंतरावरून काही दिसायचे नाही.

"सूत कुठलं हे?"

"माझं."

"का, घरी गिरणी टाकलीस की काय?"

ती हसली नाही. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मी ओळखले. आठवडाभर पाहिले, वेल रोज चार बोटे वाढतच होती. शेवटी दंडाला धरून तिला मुकादमापुढे नेले. चोरी ठरली की काम त्याच दिवशी जाते, आणि तिच्या घरी कमावणारी ती एकटीच. हे मला ठाऊक होते, तरी नेले.

"आपलंच सूत कशावरून?" मुकादमाने विचारले.

"डोळे मिटून सांगते," म्हणत मी त्या भरतकामाच्या धाग्याचे एक टोक चिमटीत धरून उकलले. ते भलत्याच बाजूला उकलले. आमच्या साच्याचा पीळ एकाच बाजूचा असतो. हा उलटा होता, आणि धागाही जाडाबारीक. माझ्या तोंडचे पाणी पळाले. आधी पीळ पाहायचा, एवढे साधे मी विसरले होते.

"हातानं कातलंस? मग कापूस कुठला?" मी विचारले.

तिने डोक्याचा रुमाल सोडला. दिवसभर उडणाऱ्या कापसाने केस पिकल्यासारखे झाले होते.

"घरी जाऊन विंचरते. निघेल तो कातते. तुम्ही सगळ्या झटकून टाकता."

"पण कापूस गिरणीचाच ना?" मुकादम म्हणाला.

"आणि छातीत जातो तो कोणाचा, दादा?"

त्याने हातानेच तिला जायची खूण केली. तिचे काम वाचले. पण दुसऱ्याच दिवशी हुकूम आला: सुटताना प्रत्येकीचे केस आणि कपडे फाटकावरच साफ करायचे, कापूस पोत्यात भरायचा. ब्रश माझ्या हातात दिला. माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी रांगेत पहिली तीच.

"चुकलं गं माझं," मी पुटपुटले.

तिने रुमाल काढला, आणि कधी कोणापुढे न वाकवलेली मान माझ्यापुढे वाकवली.

"नीट काढ," ती म्हणाली. "कानामागे राहतो."

मी कानामागून ब्रश फिरवला. कापूस तिच्या घामाने ओलसर झाला होता. तो मी पोत्यात टाकला.