कोणता पाय?

न्हाव्याच्या दुकानातून भिंगरीचा बाप अर्धी दाढी सोडून उठला. एका गालावर फेस तसाच. न्हावी एवढंच म्हणाला होता, "पोरगी ऑलिंपिकला गेली अन् ऐन वेळी पाय मोडून बसली म्हणे. खरंच मोडला, का घाबरली?" बाकावरचे दोघंतिघं फिदीफिदी हसले.

म्हातारा तणतणत मेंढवाड्यात आला. भिंगरी एका मेंढीला गुडघ्यांत दाबून लोकर कातरत होती.

"बाबा, हे काय सोंग?"

"तुझ्या पायाचं सोंग! खरं सांग पोरी, मोडला होता?"

तिनं कातर खाली ठेवली. "नाही मोडला. मास्तरांनी मोडला, पेपरात."

झालं होतं ते असं. मास्तर म्हणजे संघाचा कोच. रिलेत शेवटचा टप्पा भिंगरीचा ठरलेला. पण मास्तरांची पुतणी राखीव होती, अन् घरचं माणूस टीव्हीवर दिसायला हवं होतं. शर्यतीच्या सकाळी त्यांनी भिंगरीला खोलीत बसवलं आणि बाहेर सांगून टाकलं, पोरीचा पाय दुखावलाय. ती कोकलली, कुणी ऐकलं नाही. वर मास्तरांनी दम दिला, "जास्त बोललीस तर जन्मभर मेंढरांमागंच पळशील." पुतणी पळाली, संघ हरला, आणि खापर फुटलं भिंगरीच्या पायावर.

"मग आता?" बापानं विचारलं.

"आता पळणार. त्याच्या डोळ्यांसमोर पळणार, अन् त्याला मातीत घालणार."

पुढचं ऑलिंपिक येईपर्यंत तिनं हा राग विझू दिला नाही. नांगरटीच्या ढेकळांतून पळायची, तापल्या माळावर पळायची, कमरेला दोर बांधून ट्रॅक्टरचं टायर ओढायची. आई म्हणायची, "अगं, जरा दम खा."

"मास्तरांनी दिलेला अजून पचला नाही, आई."

निवड चाचणीत तिनं सगळ्यांना धूळ चारली. गाळायचं म्हटलं तरी मास्तरांना गाळता येईना. नाक मुरडत घेतली. तिसरा टप्पा पुतणीचा, चौथा हिचा.

अंतिम शर्यतीत आपल्या जागेवर उभी असताना भिंगरीच्या मनात काळं आलं. आपण जरा आधीच सुटलो तर? पुतणीच्या हातातलं बॅटन खाली पडेल, काका-पुतणीची छी-थू सगळं जग बघेल. पाय शिवशिवायला लागले. तेवढ्यात पुतणी वळणावरून आली, तोंड पांढरंफटक. ओरडली, "ताई, घे!"

भिंगरीनं हात मागं केला. "इतकी ढेकळं तुडवली ती काय बॅटन पाडायला?" असं नंतर ती आईला म्हणाली. बॅटन हाताला लागलं आणि ती अशी सुटली की पुढच्या पोरी एकेक करून मागं पडल्या, दोघीच काय त्या पुढं राहिल्या. संघाला कांस्यपदक मिळालं.

कॅमेरे जमले तसे मास्तर धावत आले. तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "माझ्या हाताखाली तयार झालेली पोर! मागच्या वेळी पायानं दगा दिला. मीच तिला पुन्हा उभी केली."

भिंगरीनं हात झटकला नाही. गोड आवाजात विचारलं, "मास्तर, कोणता पाय होता हो?"

"अं? डावा."

"पेपरात तर उजवा सांगितला होतात."

"हां, उजवाच. उजवाच तो."

बातमीदार एकमेकांकडं बघायला लागले. पुतणी शेजारीच धापा टाकत होती. ती म्हणाली, "कोणताच नाही. पुरे झालं, काका. मला माहीत होतं, अन् मी गप्प बसले."

चौकशी झाली. मास्तरांचं पद गेलं, मान गेला.

उन्हाळ्यात एका दुपारी मास्तर गावात आले. एकटे, पायी, घामानं निथळत. भिंगरीनं खाट टाकली, पाणी दिलं.

"पोरी, माणसं तोंड फिरवतात. मैदानाच्या फाटकातून आत घेत नाहीत. तू एकदा सांग ना, गैरसमज झाला होता म्हणून."

"गैरसमज?" तिनं त्यांच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला. "निघा तुम्ही."

"ऊन उतरेपर्यंत तरी बसू दे."

"नको."

मास्तर उठले. माळावर झाडाचं नाव नव्हतं. बाप आतून म्हणाला, "जरा जास्तच झालं गं."

"तुम्ही झोपा, बाबा."

ती दारातच उभी राहिली. माळाच्या टोकाला मास्तरांचा ठिपका दिसेनासा झाला, तेव्हाच आत वळली.